ताणाचा हिशेब : माकडटोपी घरी शिवताना

होजिअरीच्या दुकानात कापड निवडताना रंग नंतर बघावा, आधी कापड ताणून बघावं. एक घडी घालायची, घडीवर दोन चिमटींमध्ये १० सेंटिमीटरचं अंतर धरायचं, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि एक हात सावकाश ओढत न्यायचा. कापड जिथे पुढे यायचं थांबेल तिथे आकडा वाचायचा. १० चे १२ झाले तर ताण २० टक्के, १० चे १५ झाले तर ५० टक्के. मग हात सोडायचा आणि कापड पुन्हा १० वर येतं का ते बघायचं. साडेदहावरच अडकलं तर दुकानदाराने कितीही भाव उतरवला तरी ते घेऊ नये. दुकानदाराच्या कपाळावर आठी पडेल, पण ही अर्ध्या मिनिटाची तपासणी सोडून माकडटोपी नीट बसवण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आपल्याकडे शिवण शिकण्याची वाट साधारण ठरलेली आहे. आधी झबलं, मग परकर, मग ब्लाउज. या सगळ्या कपड्यांत अंगाचं माप घ्यायचं आणि त्यात दोन-चार सेंटिमीटर लूज मिळवायचं, एवढं हाताला वळण पडलेलं असतं. माकडटोपीत, म्हणजे बाजारात आता बॅलाक्लाव्हा नावाने मिळणाऱ्या टोपीत, हे वळण मोडावं लागतं. इथे डोक्याचं माप घ्यायचं आणि त्यातून वजा करायचं. किती वजा करायचं ते डोकं सांगत नाही, कापड सांगतं. एकाच डोक्यासाठी लायक्रा मिसळलेल्या होजिअरीचा बेत वेगळा निघतो आणि पोलर फ्लीसचा वेगळा. इंटरनेटवरून उतरवलेला तयार साचा कधी चपखल बसतो, कधी गळ्यात लोंबतो, त्याचं कारण हेच. साचा करणाऱ्याच्या हातातलं कापड आणि आपल्या हातातलं कापड यांचा ताण एक नसतो.

हा ताण येतो कुठून ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. इचलकरंजीच्या यंत्रमागावर निघणाऱ्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात. उभं ओढा, आडवं ओढा, सूत आधीच सरळ असल्यामुळे ते फारसं हलत नाही. फक्त तिरपं, म्हणजे उरेब ओढलं की चौकटी कलतात आणि कापड थोडं सैल येतं. होजिअरीचं कापड मुळातच वेगळं. त्यात एकच सूत फास घेत घेत पुढे जातं आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फासांत अडकते. ओढल्यावर सूत लांबत नाही, फासाचा आकार बदलतो. उभट फास पसरट होतो. म्हणून बनियनचं कापड आडवं भरपूर ताणतं आणि उभं त्या मानाने कमी. टोपी बेतताना हा आडवा ताण डोक्याभोवती फिरला पाहिजे. कापड चुकून उभं लावलं तर बाकी सगळं अचूक असूनही टोपी डोक्यात शिरणार नाही.

फास घालणारं यंत्र तसं जुनं आहे. इंग्लंडमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याची चौकट तयार केली. आज तिरुपूरमधली गोल यंत्रं तेच काम प्रचंड वेगाने करतात आणि कापड नळीच्या आकारात बाहेर टाकतात. साध्या बनियनला अनेकदा कडेची शिवण नसते ती यामुळे. सुलट आणि उलट फास आळीपाळीने घातले की रिब तयार होते. रिबमधल्या उभ्या ओळी एकमेकींत दुमडून बसलेल्या असतात, त्यामुळे ती साध्या होजिअरीपेक्षा बरीच जास्त ताणते. स्वेटरच्या मनगटाला आणि टी-शर्टच्या गळ्याला तीच लावतात.

ताणणं ही अर्धीच गोष्ट झाली, परत येणं उरलेली अर्धी. निव्वळ सुती होजिअरी दिवसभर ताणून ठेवली की ढिली पडते. जुन्या पायजम्याच्या गुडघ्याला पोक येतो तो याच कारणाने. डुपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये रबराला पर्याय शोधताना जो धागा तयार केला, त्याने ही अडचण सोडवली. तो आपल्या लांबीच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त ताणून पुन्हा मूळ जागी येतो. आपण त्याला सरसकट लायक्रा म्हणतो. सुतात तो पाच टक्के असला तरी पुरतो. शंभर टक्के लायक्राचं कापड म्हणून कोणी काही विकत असेल तर मान डोलवा आणि पुढच्या दुकानात जा, असं कापड नसतं.

ही टोपी मुळात शिवलेली नव्हती, विणलेली होती. क्रिमियातलं बालाक्लावा हे लहानसं बंदर सेव्हास्तोपोलच्या दक्षिणेला आहे. २५ ऑक्टोबर १८५४ ला तिथली प्रसिद्ध लढाई झाली आणि पाठोपाठ ब्रिटिश सैन्याला थंडीने गाठलं. १४ नोव्हेंबरच्या वादळात बंदराबाहेर जी जहाजं फुटली, त्यांत हिवाळी कपड्यांनी भरलेलं ‘प्रिन्स’ही होतं. नंतर माल येऊ लागला, पण बंदरापासून वरच्या छावणीपर्यंतचा रस्ता चिखलात गेला होता. कपडे बंदरात आणि शिपाई टेकडीवर उघडे, अशी स्थिती बराच काळ राहिली. शेवटी १८५५ मध्ये त्यासाठी रेल्वे टाकावी लागली. मायदेशातून आलेल्या लोकरी विणकामात डोकं-मान झाकणाऱ्या टोप्या होत्या, मात्र बंदराचं नाव त्यांना छापील मजकुरात चिकटलेलं दिसतं ते १८८१ च्या सुमारास, युद्ध संपून पाव शतक उलटल्यावर. सैन्याची रसदव्यवस्था किती ढिसाळ होती यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. शिवणाऱ्याच्या दृष्टीने त्यात वेगळंच काही दिसतं. मागावरच्या जाड लोकरी कापडातून असली टोपी करायची तर डोक्याच्या गोलाईसाठी टक्स, हनुवटीखाली जोड आणि गळ्याशी बटणं किंवा हुक लागले असते. दोन सुयांवर विणलेल्या रिबला यातलं काहीच लागत नाही. डोकं आत जाताना ती पसरते आणि मानेशी आवळून बसते. आपण घरी शिवतो तेव्हा हेच काम तयार ताणाच्या कापडाकडून करून घेतो.

टोपी कशासाठी, हेही एकदा नीट ठरवावं. शरीराची चाळीस-पन्नास टक्के उष्णता डोक्यातून जाते, असं अजून पुष्कळांना वाटतं. अमेरिकी सैन्याच्या एका जुन्या मार्गदर्शिकेने हा आकडा लोकप्रिय केला. त्याच्यामागे ध्रुवीय थंडीचे पोशाख घालून केलेल्या चाचण्या होत्या. त्यांत अंग झाकलेलं आणि डोकं तेवढं उघडं होतं, तेव्हा उष्णता जाणार ती डोक्यातूनच. २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रेचल व्ह्रीमन आणि एरन कॅरोल यांनी असल्या गैरसमजांचा समाचार घेतला, त्यात हाही होता. डोक्याचं क्षेत्रफळ शरीराच्या साधारण दहा टक्के, आणि उष्णताही ढोबळमानाने तेवढीच जाते. तरी माकडटोपी निकामी ठरत नाही. अंगावरच्या इतर कातडीतल्या रक्तवाहिन्या थंडीत आकसतात, डोक्याच्या कातडीतल्या त्या मानाने कमी आकसतात. कानाच्या वरच्या भागाला चरबीचं अस्तर जवळजवळ नसतं. आणि गार वारा सगळ्यांत आधी जाणवतो तो गालांना. पारा पाच अंशांखाली गेलेल्या निफाडच्या पहाटे द्राक्षबागेत जाणाऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको.

पुण्यात दुचाकीवर निघालेल्या मुली स्कार्फ ज्या सफाईने गुंडाळतात, त्यातही कापडाचं शास्त्र आहे. चौकोनी सुती रुमालाची तिरपी घडी घालून तो चेहऱ्यावरून फिरवला की गालांवर येते ती उरेब बाजू. न ताणणाऱ्या कापडातला तेवढा एकच ताण त्या वापरून घेतात. मात्र गाठ सुटते, टोक उडतं, हेल्मेट काढलं की पुन्हा सगळं करावं लागतं. शिवलेली टोपी ही कटकट वाचवते, आणि हेल्मेटखाली पातळ होजिअरीची टोपी असली की घाम ती शोषते, हेल्मेटचं अस्तर धुवायला लागत नाही.

कापड ठरवताना थंडीपेक्षा ओलाव्याचा विचार आधी करावा. सूत हवेतली ओल धरून वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगतं, लोकर त्याहून बरीच जास्त म्हणजे सोळा टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. शहरातल्या दुचाकीसाठी सुती-लायक्रा होजिअरी उत्तम. कातडीला टोचत नाही, रोज धुता येते. हिमालयातल्या ट्रेकला तीच टोपी त्रास देते. चढावर घाम येतो, सूत तो पिऊन बसतं आणि थांबल्यावर ओलं कापड कानांना चिकटून राहतं. तिथे पॉलिस्टरचं पातळ कापड किंवा फ्लीस बरं. फ्लीस म्हणजे विणलेल्या पॉलिस्टरचे फास उचकटून केलेली लव. मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सने १९७९ मध्ये ते तयार केलं. त्याची जाडी चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. टोपीला शंभराचं पुरे, दोनशेचं घातलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेकोटीशी मात्र पॉलिस्टरची टोपी घालून वाकू नये. ठिणगी पडली की सूत जळतं आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. मोटारशर्यतीतले चालक नोमेक्सच्या टोप्या घालतात त्या यासाठीच, आणि तसली टोपी घरी शिवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

पहिल्या टोपीसाठी नवं कापड आणायची गरज नाही. घरात पडलेला मोठा टी-शर्ट पुरतो. त्याची खालची दुमड जशीच्या तशी टोपीच्या गळ्याला वापरता येते. कारखान्यात ती दोन सुयांच्या यंत्रावर मारलेली असते आणि ताणल्यावर तुटत नाही, म्हणजे आपलं एक काम आयतं झालं. नवं सुती कापड असेल तर ते आधी धुऊन, सावलीत आडवं वाळवून मगच कापावं. नाहीतर पहिल्या धुण्यात टोपी आखडते.

आता आकडे. मोजपट्टी भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून फिरवली की डोक्याचा घेर मिळतो. मोठ्या माणसाचा बहुधा ५४ ते ६० च्या दरम्यान असतो. आपण ५७ धरू. कापडाचा ताण ५० टक्के असेल तर घेरातून साधारण बारा टक्के वजा करावेत. ५७ चे राहिले ५० आणि अर्ध्या बेताची रुंदी २५. ताण २५ टक्केच असेल, जसा पुष्कळ फ्लीसमध्ये असतो, तर पाच टक्क्यांहून जास्त वजा करू नका, अर्धी रुंदी २७ ठेवा. ताण ७५ टक्क्यांच्या पुढे असला तर पंधरा टक्के वजा केले तरी चालतात.

यानंतरचं गणित बहुतेक जण विसरतात. टोपी जिथून डोक्यात जाते तो गळा डोक्याहून अरुंद असतो. मान ३८ सेंटिमीटरची आणि आत जायचं डोकं ५७ चं. डोक्याच्या घेराला एक अधिक ताण, म्हणजे ५० टक्क्यांना दीडने, भागलं की गळा कमीत कमी किती हवा ते कळतं. ५७ भागिले दीड, ३८. कापड प्रत्येक वेळी शेवटच्या टोकापर्यंत ताणायला लागू नये म्हणून ४२ ठेवायचे. २५ टक्के ताणाच्या फ्लीसमध्ये ५७ भागिले सव्वा, म्हणजे जवळपास ४६. तिथे गळा ४६ च्या खाली गेला की टोपी कानांशी अडकते आणि जोर लावला की शिवण उसवते. अंबाडा घालणाऱ्यांनी घेर मोजताना अंबाड्यासकट मोजावा, किंवा वेणी बाहेर काढायला मागे भोक ठेवावं. दुसरा पर्याय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

साचा खाकी कागदावर काढा. २५ रुंद आणि ३६ उंच असा आयत. डावी कड चेहऱ्याची, ती कापडाच्या घडीवर येणार, म्हणजे नाकासमोर शिवण नाही. उजवी कड मागची. डाव्या कडेवर वरून ५ सेंटिमीटर खाली खूण करा, शिवण इथून सुरू होईल. तिथून गोलाई वर चढवा, डावीकडून ९ ते १६ च्या दरम्यान ती सगळ्यांत उंच असू द्या, मग उजवीकडे उतरवत वरून १० वर मागच्या कडेला मिळवा. १८ पर्यंत सरळ खाली या. नंतर मानेसाठी आत वळा, वरून २६ वर कडेपासून ४ सेंटिमीटर आत, म्हणजे रुंदी २१ आणि पूर्ण गळा ४२. तिथून तळापर्यंत पुन्हा २ सेंटिमीटर बाहेर या, म्हणजे टोपीची कड खांद्यावर आणि कॉलरखाली नीट पसरेल. या रेषेबाहेर ०.७ सेंटिमीटर माया, खाली दुमडायला २. होजिअरीचे धागे मागावरच्या कापडासारखे सुटत नाहीत, जास्त माया ठेवली तर डोक्यावर तिचा उंचवटाच तेवढा होतो.

खिडकीची जागा काढायला चित्रकारांची एक जुनी युक्ती उपयोगी पडते. माणसाचे डोळे डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. बहुतेकांना ते वर वाटतात. ही उंची २३ असेल तर डोळे साडेअकरावर. डोळ्यांपुरती खिडकी ९.५ ते १४ अशी ठेवा, घडीपासून आत ७ सेंटिमीटर, टोकाला गोल. पण पहिल्यांदा एवढी कापू नका. घडीपासून साडेपाच आत आणि तीनच सेंटिमीटर उंच कापा, टोपी शिवून घाला, आरशासमोर खडूने खुणा करा आणि मग वाढवा. अंगावर चढलं की कापड सगळीकडून ओढलं जातं आणि भोक आपसूक मोठं होतं. मोठं झालेलं भोक लहान करायचा उपाय नाही. पूर्ण चेहरा उघडा हवा असेल तर खालची कड २० च्या आसपास, ओठांच्या खाली आणा.

कापताना कापडाची सुलट बाजू ओळखायची असेल तर आडवी कापलेली कड हलकेच ओढा. साधी होजिअरी सुलट बाजूकडे वळून गुंडाळते. कापड टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, स्वतःच्याच वजनाने ते ताणतं आणि माप बिघडतं.

मशीनपाशी खरी परीक्षा सुरू होते. सुई खाली जाऊन थोडी वर येते, त्या क्षणी तिच्या मागे दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो आणि खालचा हूक तो पकडतो. ताणाचं कापड सुईला बिलगून तिच्याबरोबर वर उठतं, फास तयारच होत नाही, हूक रिकामा फिरतो आणि टाका सुटतो. लोक दोऱ्याचा ताण पिळत बसतात, मशीनला तेल घालतात, मेकॅनिकला बोलावतात. बदलायची असते सुई. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ते फासांच्या मधून वाट काढतं. साधी टोकदार सुई सूतच कापते. शिवताना काही दिसत नाही, पण दोन-चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोकं पडू लागतात. पातळ होजिअरीला ७५ नंबरची, फ्लीसला ९० ची. या सुया साध्यांपेक्षा महाग असतात, तरी इथे काटकसर करू नये.

दुसरी अडचण टाक्याची. सरळ टीप म्हणजे वरचा आणि खालचा दोरा एका रेषेत, त्याला लांबायला जागाच नाही. कापड पन्नास टक्के ताणतं, टीप पाच-दहा टक्क्यांतच तुटते. टोपी डोक्यात घालताना कट्कट् आवाज येतो तो त्याच दोऱ्याचा. मशीनला झिगझॅग असेल तर एक मिलिमीटर रुंद, अडीच लांब अशी बारीक नागमोडी टीप घाला, तिच्या वळणांत ताण सामावतो. घरात फक्त काळी पायमशीन असली तरी अडत नाही. टाका दोन मिलिमीटरवर आणा, पॉलिस्टर दोरा लावा, सुती रीळ नको, आणि शिवताना कापड सुईच्या पुढून-मागून दोन्ही हातांनी हलकं ताणून धरा. मशीनच्या दातांशी कुस्ती करायची नाही, कापड त्यांच्याच वेगाने जाऊ द्यायचं. सोडल्यावर शिवण किंचित गोळा होते, त्या गोळ्यातच पुढचा ताण साठलेला असतो. तिसरी सोय गल्लीतल्या पिको-फॉलच्या दुकानात. तिथे बहुधा ओव्हरलॉक असतं. कच्चा टाका घालून टोपी न्या आणि कडेला नाही, शिवणीच्या रेषेवरच ओव्हरलॉक मारून द्यायला सांगा. तीन दोऱ्यांचा तो टाका आरामात ताणतो. मशीनच नसेल तर हाताने उलटी टीप घाला. प्रत्येक टाका आधीच्या टाक्यावर मागे येतो, दोऱ्याला थोडी ढील मिळते. या टोपीला शिवण एकच आहे, कपाळापासून माथ्यावरून मानेपर्यंत. हाताने शिवली तरी एका संध्याकाळचं काम.

मशीनचा पायटा वरचं कापड पुढे ढकलतो आणि शिवण संपते तेव्हा वरचा पदर खालच्यापेक्षा लांब राहतो. पायट्याचा दाब कमी करा. तो स्क्रू कित्येक मशीनना असतो आणि कित्येक घरांत कधी हलवलेला नसतो. कापड अगदीच पातळ असून दातांत ओढलं जात असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र वापरू नका, शाई कापडाला लागते.

खिडकीची कड कशी बांधता यावर टोपी घरची दिसते की दुकानातली, ते ठरतं. कड नुसती दुमडून शिवली तर तिला झालरीसारख्या लाटा येतात. त्याच कापडाची आडवी पट्टी कापा, म्हणजे तिचा ताण लांबीच्या दिशेने येईल, रुंदी ३ सेंटिमीटर. खिडकीचा घेर ३२ असेल तर पट्टी त्याच्या पंच्याऐंशी टक्के, २७, जोडासाठी दीड मिळवून साडेअठ्ठावीस. दोन टोकं जोडून तिचा गोल करा. गोलाचे आणि खिडकीचे चार-चार समान भाग करून टाचण्यांनी जुळवा, आणि फक्त पट्टी ताणत शिवा. शिवून झाल्यावर पट्टी आकसते आणि कड कातडीला लागून बसते. जोड नाकावर येऊ देऊ नका, गालाच्या बाजूला ठेवा. फ्लीसला पट्टी नसली तरी चालते, कापलेली कड तशीच टिकते. मात्र ती गालावर सैल राहते आणि वाऱ्याला वाट मिळते, म्हणून मी फ्लीसलाही पातळ होजिअरीची पट्टी लावण्याच्या बाजूची आहे.

तोंडावरचं कापड श्वासाने ओलं होतं. शहरात ते सोसतं, बर्फात गोठतं. तोंडासमोर लहान भोकांची ओळ ठेवून प्रत्येक भोकाला हाताने काज घातलं की श्वास बाहेर जातो. त्याहून सोपं म्हणजे खिडकी चेहऱ्याएवढी मोठी करून पुढच्या कापडाला इतकी ढील द्यायची की ते हवं तेव्हा नाकावर ओढता येईल आणि नको तेव्हा हनुवटीखाली सरकवता येईल. चष्मा लावणाऱ्यांचं दुखणं वेगळं. गरम दमट श्वास नाकाच्या बाजूने वर चढतो आणि काच धुकट होते. २०२० मध्ये घरोघरी आणि बचत गटांमध्ये मास्क शिवले गेले, तेव्हा नाकावरची तार कशी घालायची ते हजारो हातांना माहीत झालं. तीच तार खिडकीच्या खालच्या पट्टीत, नाकाच्या पुलावर, दहा सेंटिमीटर लांबीची घाला. टोकं गोल वळवा, नाहीतर कापडातून बाहेर येऊन टोचतील.

हेल्मेटखाली घालायची टोपी जाड नसावी, आणि शिवणीची माया माथ्यावर गोळा झालेली नसावी. अर्ध्या तासाच्या प्रवासात ती नखाएवढी कड हातोडीएवढी वाटायला लागते. माया एका बाजूला पाडून तिच्यावर नागमोडी टीप मारली की ती चपटी बसते. आधीपासून घट्ट असलेल्या हेल्मेटात फ्लीसची टोपी कोंबू नका. हेल्मेट डोक्यावर जसं बसायला हवं तसं बसत नाही, आणि अपघातात ते उपयोगी पडायचं तर ते नीट बसणंच महत्त्वाचं. लहान मुलांच्या टोपीला नाडी लावू नये, नाड्या पाळण्यात आणि घसरगुंडीत अडकतात. आणि बँकेत किंवा पेट्रोल पंपावर टोपी काढूनच जावं. डोळेच दिसणाऱ्या चेहऱ्याबद्दल लोकांना संशय येतो, त्यात त्यांचा दोष नाही. मेक्सिकोत चियापासच्या झापातिस्ता बंडखोरांनी १९९४ पासून आणि मॉस्कोत ‘पुसी रायट’च्या मुलींनी २०१२ मध्ये हीच टोपी मुद्दाम, चेहरा लपवून आवाज मोठा करायला वापरली होती.

पहिली टोपी घातल्यावर आरशात सुरकुत्या वाचा, त्या काय चुकलं ते सांगतात. मानेच्या मागे आडव्या वळ्या पडल्या तर मागची उंची जास्त आहे, साच्यात १८ ते २६ च्या मधून एक-दीड सेंटिमीटर काढा. माथ्यावर शेंडीसारखं टोक उभं राहिलं तर गोलाई अपुरी आहे, तेवढं टोक आतून पुन्हा टीप मारून कापा. कानापासून हनुवटीकडे उभ्या घड्या येत असतील तर हनुवटीखाली दोन सेंटिमीटरचा लहान टक्स घ्या. कान दुखत असतील तर टोपी अरुंद आहे, आणि त्याला शिवणीतला उपाय नाही, नवीन टोपी कापताना अर्धी रुंदी एक सेंटिमीटर वाढवावी लागते. खिडकीची कड एका बाजूला तोंड वासून उभी राहिली तर तिथली पट्टी नीट वाटली गेलेली नाही. तेवढीच उसवा, चार भागांच्या खुणा पुन्हा जुळवा आणि त्याच जागी पुन्हा शिवा. इस्त्री करायचीच असेल तर कृत्रिम कापडाच्या खुणेवर ठेवून, उलट्या बाजूने आणि वाफ न सोडता. लायक्राला जास्त उष्णता लागली की त्याचा ताण जातो, आणि तो गेला की टोपी दुसऱ्या कुणाच्या मोठ्या डोक्याला द्यावी लागते.